नऊ मिनिटांचं व्याख्यान

११ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. ही कल्पना माझी नव्हे, दर्शनाची. सकाळी चहा घेताना मी तिला कंपनीतला एक किस्सा सांगत होतो. कोलशेतला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही. ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "प्रेम, हा तू शुक्रवारी सांगितलास. त्याआधी दिवाळीत सांगितलास. लिहून का काढत नाहीस एकदा?" रागाने नाही म्हणाली. ती रागावत नाही, फक्त कापते.

कापणं हाच तिचा धंदा आहे. डॉ. दर्शना उबाळे, माझी बायको, जगात नावाजलेली बाई आहे. हे मी नवरा म्हणून लिहीत नाही, पेपरात छापून आलंय. डेटा कॉम्प्रेशन हा तिचा विषय, म्हणजे माहिती दाबून लहान करायची, पाठवायची आणि पलीकडे जशीच्या तशी उलगडून घ्यायची. कल्याणला कोळसेवाडीच्या चाळीत वाढलेली मुलगी. पालिकेची शाळा, मग गणित, मग बंगळुरूची प्रयोगशाळा. टेलिफोनच्या लायनीवरून एक एक्स-रे पाठवायचा तर माणसाचं जेवण होऊन झोप व्हायची, त्या काळात तिने तो चुटकीसरशी पाठवायची रीत काढली. नुसती रीत काढून थांबली नाही, यापेक्षा कमीत काम होणारच नाही हेही गणिताने सिद्ध केलं. परदेशात त्याला 'उबाळे हद्द' म्हणतात. म्हणजे माझं आडनाव कुठल्या कुठे पोचलं, मी मात्र माजिवड्याच्या पुढे क्वचित जातो.

गेल्या महिन्यात तिला बाहेरच्या एका संस्थेचा जीवनगौरव मिळाला. त्यावरून आज डोंबिवलीच्या एका विज्ञान मंडळाचे साईनाथ म्हात्रे घरी आले होते. विज्ञान दिनाच्या आधीच्या रविवारी, २२ फेब्रुवारीला, सत्कार आणि व्याख्यान. "मॅडम, फक्त मराठीत पाहिजे हां. आपली साधी माणसं असतात."

दर्शनाने आयुष्यात मराठीत व्याख्यान दिलेलं नाही. ती नाही म्हणणार असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "देते. पण पहिल्या रांगेत माझी आई बसेल."

१३ जानेवारी, मंगळवार

आई येत नाहीत.

दर्शनाने फोन केला. तिचे आईशी होणारे फोन मला तोंडपाठ आहेत. "बरी आहेस? गोळ्या घेतल्यास? ठेवते." आज त्यात एका वाक्याची भर होती. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण दर्शना फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. दूध उतू गेलं. तिच्या हातून दूध उतू गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग बोलली. "आई म्हणते, मला काय कळणार त्यातलं, लोकांत तुझी शोभा होईल. प्रेम, जगभर लोकांना समजावलंय मी. तिला आजपर्यंत माहीत नाही मी काय करते. एकदा, एकदाच मला तिला ते कळायला हवंय."

मी म्हटलं, माझ्यावर सोड. मी स्टोअरमध्ये असताना अडेलतट्टू ठेकेदारांना वठणीवर आणलेलं आहे. त्यातला एक तर, पण असो, तो किस्सा नंतर.

१८ जानेवारी, रविवार

कल्याणला जाऊन आलो. सासूबाई, म्हणजे भीमाबाई, ब्याऐंशीच्या आहेत आणि डाव्या कानाने जवळपास काहीच ऐकत नाहीत. ऐकायचं यंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीत झोपवून ठेवलेलं असतं. उजव्या कानाशी तोंड नेऊन, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली की बरोबर पोचते. मला त्याचा त्रास नाही. मी एरवीही दोनदाच सांगतो.

दर्शना काय करते ते मी आज सोपं करून सांगितलं. टीव्हीवर जाहिरात लागते ना, गाद्या-दुलया पिशवीत घालून हवा ओढून घेतात, मग डोंगराएवढी दुलई पाटाएवढी होते. दर्शनाचं काम तेच, फक्त दुलईच्या जागी माहिती.

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. निघताना शेजारच्या गोदूबाईंनी जिन्यात गाठलं. "जावईबापू, भीमाबाई सांगत होती, दर्शना दुलयांच्या पिशव्या बनवते म्हणून. मला दोन द्याल का? पाहुण्यांच्या गाद्या पार मावत नाहीत."

हे दर्शनाला सांगितल्यावर ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "पिशव्या घेऊन दे त्यांना." दिल्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

व्याख्यान लिहून झालं. चाळीस मिनिटांचं होतं. मला वाचून दाखवलं. मी झोपलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

"कुठे कंटाळलास?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. पण तो अंदाजाचा मुद्दा तू तीनदा सांगितलास."

हे मी कौतुकाने म्हटलं होतं, कारण तिसऱ्या वेळी मला तो कळला. ती मात्र चमकली. "तीनदा? बरोबर. पसारा झालाय." आणि लाल पेन घेऊन बसली.

७ फेब्रुवारी, शनिवार

चाळीसची पंचवीस झाली, आता सतरा. दर्शना खुशीत आहे. स्वयंपाकघरात गुणगुणते. मी म्हटलं, "सन्माननीय व्यासपीठ कुठे गेलं?" "काढलं. व्यासपीठाला ठाऊक असतं ते सन्माननीय आहे." "आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो?" "तेही काढलं."

तिचं म्हणणं असं, की समोरच्याला जे आधीच कळणार आहे ते सांगणं म्हणजे वाया. जे नवं आहे तेवढंच सांगावं आणि एकदाच सांगावं. यावरच तिला जगाने डोक्यावर घेतलं, तेव्हा मी कोण बोलणार. मी फक्त म्हटलं, आमच्याकडे लग्नाची एक बातमी मामाला कळवायला चार माणसं चार वेळा जायची. ती म्हणाली, "म्हणूनच मामा कंटाळून उशिरा यायचा."

पण एक सांगतो. रोज सकाळी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहून वाचते, आणि मध्येच थांबून स्वतःशी पुटपुटते, "हे आईला कळेल?" मग परत वाचते. दार लोटलेलं असतं, तिला वाटतं मला ऐकू येत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा कल्याण. आज मी समजावणं वगैरे सोडून दिलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि सासूबाई आपणहून म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? पोरगी माझ्याशी बोलत का नाय?"

मी म्हटलं, रोज फोन करते की.

"फोन करते. बोलत नाय. बरी हाय का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. गोदूची पोरगी तासतास बोलते, गोदू कट्टाळते. माझी शिकली, मोठी झाली, आता अडाणी आईशी काय बोलायचं, असं वाटत असंल तिला. बरोबरच हाय म्हणा." आणि पदराने स्टोव्हजवळचं न सांडलेलं काहीतरी पुसत बसल्या.

मला भडभडून आलं. मग ते आरशाचं आठवलं, तेच सांगितलं. रोज सकाळी तुमची मुलगी आरशासमोर उभी राहते आणि दर दोन ओळींनी विचारते, हे आईला कळेल? उजव्या कानाशी जाऊन दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती बहुतेक, कारण पहिल्यांदाच त्यांचा हात थांबला होता.

मग म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?"

घरी येऊन दर्शनाला एवढंच सांगितलं की आई येताहेत. बाकीचं सांगितलं नाही. आपणही थोडं कापायला शिकलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नऊ मिनिटं! दर्शना म्हणते, यात आता एक शब्द काढला तरी अर्थ बिघडेल, इतकं घट्ट झालंय. पुन्हा 'उबाळे हद्द' गाठली म्हणाली आणि स्वतःच हसली. एवढी आनंदात मी तिला तो जीवनगौरव मिळाला तेव्हाही पाहिली नव्हती.

मला जरा धाकधूक वाटते. नऊ मिनिटांत लोकांचं खुर्चीत बसून होत नाही. पण तिला सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल मी माझ्या बायकोच्या कार्यक्रमाचा विचका केला. जसं घडलं तसं लिहितो.

सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल, श्रीफळ, मग साईनाथ म्हात्रेंनी परिचय करून दिला. "मी जास्त वेळ घेणार नाही" असं ते तीन वेळा म्हणाले आणि अर्धा तास बोलले. सासूबाई मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत, मी त्यांच्या उजव्या हाताला, पलीकडे गोदूबाई. यंत्र कानात होतं, पण हॉलमधल्या माइकशी त्याचं पटेना, शिट्टी सुरू झाली, तेव्हा ते परत डबीत गेलं.

दर्शना उभी राहिली. पहिलं वाक्य झालं, आणि शेजारच्या लॉनवर हळदीला तोंड फुटलं. आधी बेंजो, मग डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. साईनाथ धावत गेले, परत आले, हात जोडून म्हणाले, नवरामुलगा आमच्याच भावकीतला आहे, आवाज कमी करतो म्हणालेत. आवाज तेवढाच राहिला.

दर्शना बोलत राहिली. एक शब्द जास्त नाही, एक शब्द परत नाही. मधले दोन शब्द ढोलाखाली गेले की वाक्य गेलं, आणि वाक्य गेलं की पुढचं त्यावर उभं असलेलं सगळं गेलं. मागे वळून पाहिलं तर लोक एकमेकांकडे बघत होते. काही मोबाइल बाहेर आले. सासूबाई माझी बाही ओढून म्हणाल्या, "काय म्हणली?"

त्यांच्या कानाशी वाकून मी सांगितलं. डीजे होता म्हणून जरा जोरात सांगितलं. नेहमीच्या सवयीने दोनदा सांगितलं. पुढच्या वाक्याला परत बाही. परत सांगितलं. स्टोअरच्या शेडमध्ये यंत्रांवरून ओरडायची सवय आहे मला, आवाजाचा अंदाज राहत नाही. चौथ्या वाक्याला मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "काका, जरा इकडे पण तोंड करून सांगा ना, तुमचं कळतंय." हॉल हसला.

मी कानापर्यंत लाल झालो. दर्शना थांबली. हातातल्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन आपलं काही खरं नाही. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली, वायरवाला माइक हातात घेतला, आणि पायऱ्या उतरून खाली आली. सरळ आईच्या समोर. एक खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आई," ती म्हणाली, "पहिल्यापासून सांगते. बाजारातून आलीस की तू मला काय सांगायचीस? घरात मीठ आहे, पीठ आहे, तेल आहे, हे सांगायचीस?"

"ते कशाला सांगू? तुला दिसत न्हवतं?"

"बरोबर. मला ठाऊकच होतं. तू फक्त सांगायचीस, आज वांगी आणली."

"वांगी तुला आवडायची."

"अजून आवडतात. तर माझं काम तेच आहे. छातीचा फोटो पाठवायचा असला, तर बरगड्या कुठे असतात हे पलीकडच्या यंत्राला साधारण ठाऊक असतं. ते अंदाज करतं. अंदाज जिथे चुकला तेवढंच मी पाठवते. मीठ-पीठ पाठवत नाही. वांगी पाठवते."

हे तिने एकदा सांगितलं, मग आवाज चढवून परत सांगितलं, मग मागे वळून हॉलला सांगितलं. पहिल्यांदा अर्ध्या लोकांना कळलं, दुसऱ्यांदा बहुतेकांना, तिसऱ्यांदा गोदूबाईंनाही. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानातून काढून टाकलेलं सगळं एकेक करून परत आलं, वर आणखी कितीतरी. पालिकेच्या शाळेतली फुटकी पाटी आली, रॉकेलच्या रांगेत उभं राहून सोडवलेली गणितं आली. काही गोष्टी मीही पहिल्यांदाच ऐकल्या, आणि लग्नाला चौतीस वर्षं झाली.

मध्येच सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "समदं खरं, पन मधीच ह्यो असला डीजे लागला तर वांग्याचं कसं कळायचं?"

टाळ्या पडल्या, हसू उसळलं. दर्शना मात्र हसली नाही. आईकडे बघत राहिली. "हा प्रश्न माझ्या विषयातला निम्मा विषय आहे, आई," ती म्हणाली. "लाइन खराब असेल तर कमी बोलून चालत नाही. परत सांगावं लागतं."

"किती येळा?"

"तुला कळेपर्यंत."

हळदवाले दमले तरी आमचं चालूच होतं. नऊ मिनिटांचं व्याख्यान दीड तास चाललं. रिक्षात बसल्यावर मी तिची माफी मागितली. इतके दिवस घासूनपुसून केलेलं काम माझ्या आरडाओरड्यामुळे वाया गेलं. तिने माझा हात घेतला आणि घर येईपर्यंत धरून ठेवला. मोठ्या मनाची बाई आहे. दुसरी असती तर आठवडाभर अबोला धरला असता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंचा फोन. हो, त्यांनी आपणहून केला. "दर्शने, ते वांग्याचं परत सांग. अर्धंच कळलं."

दर्शनाने सांगितलं. भाजी चिरायची राहिली, मी चिरली.

३ मार्च, मंगळवार

रोज संध्याकाळी फोन. रोज तेच. "नाय कळलं, बाय." आणि रोज दर्शना सांगते. गंमत म्हणजे सांगता सांगता कुठल्या कुठे जाते. काल बंगळुरूला पहिल्या थंडीत स्वेटर नव्हता तिथपर्यंत गेली. परवा आईला शाळेतल्या कुठल्या बाई आठवल्या, मग त्या बाईंवर अर्धा तास.

मला वाईट वाटतं. एवढी मोठी विदुषी, आणि स्वतःच्या आईच्या डोक्यात शिरत नाही म्हटल्यावर तिला किती लागत असेल. वरवर मात्र हसते.

८ मार्च, रविवार

कल्याणला सासूबाईंची औषधं पोचवायला गेलो. त्या आत होत्या. गोदूबाई गॅलरीत चवळी निवडत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "काय, मग, व्याख्यान कसं वाटलं?" तर त्यांनी मला तो विषय अथपासून इतिपर्यंत सांगितला. अंदाज करायचा, चूक तेवढी पाठवायची, लाइन खराब असली की मुद्दाम जास्तीचं पाठवायचं, आणि ते जास्तीचं किती हेही गणितानेच ठरवायचं. मी थक्क झालो. म्हटलं, गोदूबाई, कमाल आहे, एका दिवसात एवढं?

"एका दिवसात कसलं! भीमाबाई समजावते की रोज दुपारी. चाळीतल्या सगळ्या बायांना सांगून झालं. काल पोस्टमनला सांगत होती."

मी आत गेलो. उजव्या कानाशी वाकून विचारलं, "आई, तुम्हाला तर सगळं कळलंय. मग दर्शनाला रोज कळलं नाही म्हणून का सांगता?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की स्टोअरमधला माझा जुना साहेबही कधी तसं पाहू शकला नाही. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही गप बसा आनि भाकर खा."

खाल्ली. वांग्याची भाजी होती.

९ मार्च, सोमवार

रात्रभर विचार केला आणि ठरवलं, बायकोपासून लपवायचं नाही. तिचा घसा तरी वाचेल. सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. "दर्शना, आईंना सगळं कळलंय. पहिल्याच दिवशी कळलंय. चाळभर शिकवण्या घेताहेत त्या. तू उगाच रोज तेच तेच सांगत बसतेस."

तिने पेपरातून डोकं वर काढलं. "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? मग जे समोरच्याला ठाऊक आहे ते सांगायचं नाही, हे आयुष्यभर तूच..."

"प्रेम," ती म्हणाली, "तुझा तो ठेकेदाराचा किस्सा राहिलाय ना? सांग."

मी सांगितला. पूर्ण सांगितला, तिने मध्ये कुठेही कापला नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला हल्ली कळेनासं झालंय. पण किस्सा रंगला.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. दर्शनाने खुर्ची खिडकीपाशी ओढली, पाय वर घेतले आणि फोन स्पीकरवर टाकला.

"दर्शने, काल काय सांगितलंस ते समदं इसरले बघ."

"काही हरकत नाही, आई. पहिल्यापासून सांगते."

"पयल्यापासूनच सांग. मला घाई नाय."